सामानाच्या खोलीतली मोरी

कोल्हापूर,
एप्रिल १९५२

प्रिय नृसिंह,

तू काढलेला घराचा नकाशा पोचला. तुझ्या दाजींनी तो बैठकीत पसरून चारी कोपऱ्यांवर कायद्याची पुस्तकं ठेवली आहेत. पक्षकार आले की आधी घर दाखवतात, मग खटल्याचं बोलतात. हातकणंगल्याच्या मळ्यात बेताचंच घर, पण पुढे सोपा, उतरतं कौलारू छप्पर, विहीर दिसेल अशी स्वयंपाकघराची खिडकी, आणि उभ्याने रांधायचा ओटा. पंधरा वर्षं चुलीपुढे बसून माझे गुडघे गेले, हे तुझ्या लक्षात राहिलं. कौतुक वाटलं रे. दोन सुट्ट्या आजऱ्याकडची जुनी घरं टेपने मोजत हिंडलास, सरकारी मोजणीदार समजून लोकांनी तुला हाकललं, त्या उन्हातान्हाचं चीज झालं.

आता खरं बोलते. स्वयंपाकघरामागे तू एक खोली काढली आहेस. तिला खिडकी नाही, वर नुसता झरोका. आत ‘सामान’ असं लिहिलं आहेस. मग कोपऱ्यात मोरी कशाला? सामान काही न्हात नाही. मला नकाशातलं कळत नसेल, पण आईची दोन्ही बाळंतपणं असल्याच खोलीत झाली आणि तुझ्या वेळी दाराशी मीच बसले होते. गुंडू गवंडी आला, तेव्हा त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, “बाळतिणीची खोली हाय की ही, वैनी. मालकच म्हनले, आत वारं शिरू देऊ नगंस.” मी त्याला चहा दिला आणि आत गेले.

माझी कूस उजवली नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. मग ही खोली कुणासाठी? गेल्या दिवाळीपासून सासूबाईंनी, माईंनी, मला नवस बोलायला लावणं बंद केलं. सुटले एकदाची, म्हणून मी हसले होते. मग त्या दोनदा आजऱ्याला जाऊन आल्या. कुणाकडे, ते सांगितलं नाही. हे तर अलीकडे माझ्याशी फारच गोड बोलतात. परवा न मागता पातळ आणलं. कुठेतरी पाणी मुरतंय. दुसरी बायको करायला आता बंदी आहे म्हणशील, पण पळवाटा वकिलाला शिकवाव्या लागत नाहीत. आणि राग मानू नकोस, संशय मला तुझाही येतो. जुन्या घरांत असते म्हणून तू ती भोळेपणाने काढली असतीस, तर तिचं खरं नाव लिहिलं असतंस. ‘सामान’ हे अक्षर तुझंच आहे.

ही खोली काढायला तुला कुणी सांगितलं, ते मला कळवू नकोस. खरं कळलं तर मला इथे राहता येणार नाही, आणि दुसरं घर मला नाही. अक्षय्य तृतीयेला पाया खणायचा आहे. त्याआधी दाजींना वेगळं पत्र टाक. लिही, ‘ती खोली माझ्या चुकीने काढली गेली, विहिरीची ओल तिथे चढेल, तेवढी गाळा.’ माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. त्यांनाही माघार घ्यायला वाट राहील, आणि मला काही कळलंच नव्हतं, असं होईल. सख्ख्या भावाला खोटं लिहायला सांगते आहे, त्याची लाज वाटते. पण नृसिंह, त्या भिंती एकदा उभ्या राहिल्या, की आत कुणीतरी येणारच.

तुझीच,
अक्का