तळहातावरचे डाग

३ फेब्रुवारी, सोमवार
इलेक्ट्रिशियन सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग आत गेला. चार मिनिटांत बाहेर! चिठ्ठीवर मलम, पाच दिवसांच्या गोळ्या. कार्डावर डॉक्टरांनी लिहिलं — ‘उष्णता’. आमच्या दवाखान्यात अख्ख्या घराचं एकच कार्ड. बायको, आई, कुणीही हातात घेतं. म्हणून असल्या गुप्तरोगाला हा शब्द. सुचवलेला मीच, अकरा वर्षांपूर्वी. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, “कंपाउंडर कसला, तू वकील व्हायचास.”

मलम देताना हळूच विचारलं, जखम दुखते का? म्हणाला, अजिबात नाही.

न दुखणारी जखम. तिथंच खटकलं.

२४ फेब्रुवारी
जखम भरली. डॉक्टर खूश. रद्दीतून घेतलेलं ते जाड पुस्तक मी तीनदा वाचलंय, समासात टिपणं करत. सिफिलिसची जखम औषधाशिवायही भरते. रोग रक्तात उतरतो. रक्त तपासायचं, पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं — नवरा-बायको दोघांनाही तपासायचं. डॉक्टरांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. पोराला लहानपणापासून ओळखतात म्हणे, घर चांगलं आहे.

जंतू काय दारावरची पाटी वाचून माघारी फिरतात? — हे अर्थात मनात.

१२ मे
इलेक्ट्रिशियनची बायको आली. शिवणकाम करते, माझ्या पांढऱ्या कोटाची बाही तिनंच रफू केलीय, शोधूनही टाका सापडत नाही. पाचवा महिना. तळहातांवर तांबूस डाग, खाज नाही, पुस्तकात आहेत तसेच. तळपायांवरही आहेत, म्हणाली. डॉक्टरांनी कार्ड चाळलं, ‘उष्णता’पाशी बोट क्षणभर थांबलं, आणि ॲलर्जीच्या गोळ्या लिहिल्या.

“काका, कापडाच्या रंगानं झालं असेल ना?”

मी म्हणालो, असेल.

असेल!

१३ मे
दार लावून डॉक्टरांशी बोललो. नवऱ्याच्या जखमेची तारीखसुद्धा सांगितली. म्हणाले, “रक्त तपासून घे म्हणून सांगेन. कशासाठी, असं तिनं विचारलं तर? तिच्या सासूला काय तोंड दाखवू?”

त्यांना कळत नाही असं नाही. बोलायची लाज वाटते. विषय संपला.

२० मे
चिठ्ठी मीच लिहिली. तपासणीचं नाव, लॅबचा पत्ता, खाली ‘दोघांनी’ — दुहेरी रेघ मारून. गोळ्या न्यायला ती येणार होती, आला नवरा. घरातलं जो येईल त्याच्या हाती औषध द्यायचं, ही इथली रीत. चोवीस वर्षांच्या सवयीचा हात, आपोआप पुढे झाला. पाकीट दिलं, चिठ्ठीसकट. त्यानं तिथंच वाचली. पांढराफटक पडला.

“काका, संसार मोडेल माझा. शनिवारी मीच नेतो तिला.”

मी बरं म्हणालो.

२६ मे
विचारलं. पुढच्या शनिवारी, म्हणाला.

९ जून
आता मला पाहून रस्ता बदलतो. आज तिच्या घरी गेलो. शिलाई मशीन चालू होतं. सासू शेजारीच बसलेली. कोटाचं बटण तुटलंय, असं सांगितलं. ते लावून घेतलं आणि परतलो.

८ जुलै
मूल पोटातच गेलं. प्रसूतिगृहात दोघांचं रक्त तपासलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. आज ती एकटीच आली. डॉक्टरांकडे गेली नाही, माझ्या खिडकीशी उभी राहिली. म्हणाली, “काका, तुम्हाला आधी माहीत होतं का?”

मी म्हणालो, पोरी, मी काय डॉक्टर आहे? मला त्यातलं काही कळत नाही.

तिला ते पटलं.