आधी झटकायचे, मग भिजवायचे

प्रिय धाकटे,

फोनवर मी ओरडते, तू मधेच खोकायला लागतेस, आणि खोकला आवरेना की ‘ठेवते गं ताई’ म्हणून फोन ठेवतेस. म्हणून हे कागदावर. अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि अर्धं वाचून उशीखाली सरकवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

माझ्या दुकानात हल्ली संध्याकाळी विज्ञान येतं. हसतेस काय? खरंच येतं. संशोधन करणाऱ्या पोरापोरींचं एक टोळकं आहे. ‘मावशी, आम्हाला सामान्य लोकांपर्यंत पोचायचंय,’ म्हणाले. म्हटलं, पोचा की, मी कुठे वाट अडवलीय? पण त्यांना माझ्याच बाकड्यांवर बसून पोचायचं होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक कमीच असतं, म्हणून हो म्हणून बसले. तेव्हापासून डोक्याला ताप. एक चहा घेतात आणि कप चाटूनपुसून कोरडा झाला तरी उठत नाहीत. भिंतीवर चिकटपट्टीने पडदा लावतात, काढताना रंगाचे पोपडे काढून नेतात. एकदा एक बाई माशीवर बोलायला आली. माशी खाण्यावर बसली की आधी त्यावर ओकते आणि मग तेच चाखते, हे तिने ताटाएवढ्या चित्रात दाखवलं. लोकांच्या हातात माझी बिस्किटं होती! सगळी बशीत परत आली. मला किळस माशीची नाही आली, त्या बाईच्या हसण्याची आली. आपण यांना कसं दचकवलं, असं हसू.

आणि कुणी काही विचारलं की सगळ्यांचं एकच पालुपद, ‘छान प्रश्न!’ उत्तर मात्र येतंच असं नाही. आमच्या शेजारचा चांभार म्हणतो, आपण बोट उचललं यातच त्यांना कौतुक, लहान मूल पहिल्यांदा उभं राहिल्यासारखं.

तुला वाटेल, ताई नेहमीसारखी करवादतेय. करवादतेच आहे. पुढे वाच.

परवा एक जण आला धुळीवर बोलायला. कामाच्या जागी नाकातोंडात जाणारी धूळ. पिठाची, दगडाची, कापसाची. मी आत भांडी विसळत होते, एका कानाने ऐकत होते. मग पडद्यावर सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना आला. आपले आबा कामाला जायचे तो नव्हे, दुसराच कुठलातरी, पण तसाच. तेच पांढरे झालेले खांब, तीच पांढऱ्या भुवयांची माणसं. मी हात न पुसता बाहेर आले.

तो म्हणाला, या पत्र्यांत एक तंतू असतो, केसाहून बारीक. छातीत शिरला की बाहेर येत नाही, आणि वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही. मला आबांचं शेवटचं बसणं आठवलं. उशीवर दोन्ही कोपरं टेकून, मान खाली. सगळे म्हणायचे, विडीने घात केला. आईने तर त्यांच्या शेवटच्या दिवसांतसुद्धा विडीवरून तोंड सोडलं होतं. ते काही बोलायचे नाहीत. श्वास असता तर बोलले असते.

आणि मग तो पोरगा छान सैल उभा राहिला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, ‘गंमत म्हणजे, ज्या बायका कारखान्याची पायरीसुद्धा चढल्या नाहीत, त्यांनाही हा आजार झालेला आहे! सांगा बरं, का?’ लोक कोडं सोडवायला लागले. कुणी म्हणालं हवा, कुणी म्हणालं पाणी. मला आलं होतं उत्तर. ‘कपडे!’ तो म्हणाला, आणि लोकांनी ‘अरेच्चा!’ केलं. गंमत म्हणे. जिभेला हाड नाही.

आपल्या आईची शिस्त आठवते ना? आधी झटकायचे, मग भिजवायचे. कारण तसेच भिजवले तर ती भुकटी शिवणीत घट्ट बसायची, दगडासारखी, आणि सदरा वाळला की अंगाला टोचायचा. माझे हात साबणाने फुटायचे, म्हणून मला पाणी भरायला लावलं आणि कपड्यांचं सगळं, झटकण्यासकट, तुझ्याकडे आलं. मागच्या बोळात उभी राहून तू आबांची विजार भिंतीवर आपटायचीस. ढग उठायचा. त्या ढगात तू तोंड उघडून गाणी म्हणायचीस, आणि आत आलीस की आई म्हणायची, आली बघा पिठातली बाहुली.

मी हात वर केला. विचारलं, कपडे ओले करण्याआधी झटकले तर? तो खूश झाला. ‘छान प्रश्न, मावशी! मग तर जास्तच धोका.’ आणि पुढचं चित्र लावलं. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, धाकटे. टाळ्या. मला त्या सगळ्यांच्या अंगावर किटली उपडी करावीशी वाटली.

तो वायरी गुंडाळत होता तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. तो आपलं सांगतोय, ‘अशा घरातल्या बायका शोधायला आम्हाला फार उशीर झाला, आता कुणी सापडत नाही.’ म्हटलं, एक तुझ्यापुढे उभी आहे. दुसरी पलीकडच्या गावात खोकतेय आणि हवा बदलली म्हणून सांगतेय. आता बोल गंमत. वायर तशीच हातात धरून खाली बसला. मग म्हणाला, छातीचा फोटो काढा, मोठ्या दवाखान्यात, छातीच्याच डॉक्टरकडे, आणि कपड्यांचं आधी सांगा, नाहीतर ते विचारणार नाहीत. खोकला दुसऱ्या कशाचाही असू शकतो, असंही म्हणाला. तेवढं एक मी धरून ठेवलंय.

आईला दोष देऊ नकोस. तिला स्वच्छ सदरा हवा होता, एवढंच.

आता हे का लिहिलं ते ऐक. सोमवारी दुकान चांभाराच्या बायकोवर टाकून मी पहिल्या गाडीने येतेय. तुझ्या नवऱ्याला कळवलंय, त्यामुळे बहाणे पुरे. आपण दोघी जाणार, आणि फोटो आधी माझा काढायचा. पाणी मी भरत होते, पण बोळात मीही होतेच. काय निघेल ते निघेल. न्याहारीच्या भानगडीत पडू नकोस. आणि मी दाराशी आले की मोरीत जाऊन नळ सोडून खोकू नकोस. मागच्या खेपेला तसंच केलंस. नळ कितीही मोठा सोडलास तरी मला ऐकू येतं, आणि मी बाहेर पदराचा बोळा तोंडात धरून उभी असते. या वेळी माझ्यासमोर खोक.

तुझीच, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
ताई