चहा निवतोय

बुऱ्हाणपूर,
१६ डिसेंबर १९५६

ती. मधुदादास,
उषाचा नमस्कार.

अप्पा बरे आहेत. लीलावहिनी आणि बाळ सुखरूप असल्याचं गजाननमामाकडून कळलं. आईला नेपानगरची थंडी बाधत नसेल अशी आशा. नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं, तेव्हा तिथे रंगरसायन शिकलेली मी इथे ‘परदेशी पढलेली’ ठरले आहे.

बाळंतपणासाठी आई तुझ्याकडे आली, तेव्हापासून आपल्या रंगाच्या भट्टीवरचं सूत परत येतंय. गेल्या आठवड्यात सुकलाल विणकर सुताची लडी घेऊन आला. “अप्पा, मी लुगड्याला कुंकवासारखा लाल मागितला होता. हा तर कत्था झाला. पानाला लावू का?”

“पानी खराब है,” अप्पा म्हणाले.

मी पाणी तपासलं. पाणी चांगलं आहे, रंगाचं मापही बरोबर आहे. मग भर उन्हात अप्पांना म्हटलं, दोरीवरची लाल लडी द्या. त्यांनी गडद हिरवी काढून दिली. मी ती घेतली आणि पुन्हा दोरीवर टाकली.

लाल-हिरवं वेगळं न दिसण्याचा हा दोष जन्माचा असतो. मग इतकी वर्षं रंग कोण पाहत होतं? आठव. सूत भट्टीत असलं की आई तिथे यायची. “चहा अजून उकळायचाय,” म्हणाली की अप्पा लडी तशीच ठेवायचे. “चहा निवतोय,” म्हणाली की बाहेर काढायचे. आपण ते चहाबद्दलच समजत होतो.

तू घर सोडलंस त्या दिवशी आई चांदनी गावाला मामाकडे गेली होती. तू लडी काढा म्हणालास आणि अप्पा सुकलालसमोर म्हणाले, तुला रंगाची नजर नाही. त्या दिवशीची एक लडी कोठीत सापडली. नमुन्याशी ताडून पाहिली, फार गडद आहे. तू म्हणालास तेव्हाच ती काढायला हवी होती.

जे आधी लिहायचं होतं, ते शेवटी लिहिते. नागपूरच्या गिरणीत मला नोकरी लागली आहे. संक्रांतीनंतर जायचं. तोवर चहा मी नेते. अप्पा माझ्याकडे न बघता कपबशी घेतात. परवा लाल नमुन्यासारखा उतरला. लडी पिळताना त्यांनी विचारलं, “मध्याला इतवारी सुट्टी असते ना?”

असते, म्हटलं.

आईला लवकर पाठव असं मी म्हणत नाही. वहिनीला ती हवी आहे. मी गेल्यावर सूत धुणं, वाळवणं इतर दिवशी होईल, रंग फक्त तू येशील त्या रविवारी लावता येईल. अप्पा माफी मागणार नाहीत. तू मागायला लावू नकोस, आणि हे कळलंय असंही दाखवू नकोस.

येत्या रविवारी भट्टी पेटवून ठेवते. चहा तू आणायचा.

तुझी धाकटी,
उषा