तुम्ही पाठवलेला सेंट आणि माझं नाक

तीर्थरूप ताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात की अजून भांडतात, ते कळवा. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत (म्हणजे कसे, ते पुढे येईलच).

सेंट कसा आहे, असं तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा तुमच्या बहिणीनं "छान आहे गं" म्हणून विषय बदलला. खरी गोष्ट अशी, की तापातून उठल्यापासून तिला कसलाच वास येत नाही. तुम्ही एवढ्या हौसेनं पाठवलात, म्हणून तिच्यानं सांगवेना. शेजारचं दूध उतू जाणार हे जिला शेजारणीच्या आधी कळायचं, ती बाई आता आमचं पातेलं करपून काळं झालं तरी शांतपणे पेपर वाचते. पण खरा घोर वेगळाच. आपल्याच अंगाला वास येत असेल, असं तिनं मनात घेतलं. वाचनालयात पुस्तकं देताना दोन पावलं मागे सरकून उभी राहायची. नोकरी सोडते म्हणाली.

तेवढ्यात तुमची बाटली आली. एकदा फवारून काही कळेना, म्हणून ती फवारतच गेली: मान, मनगटं, पदर (पिशवीसुद्धा). सेंट मुळात सौम्य, पण सौम्य पाहुणेही पंधरा जण एकदम घरात शिरले तर गर्दीच होते. वाचनकक्षात एक आजोबा असे शिंकू लागले, की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. संध्याकाळी ती खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "आता मला माझंच काही कळत नाही हो."

मी म्हटलं, "मग उद्यापासून माझं नाक वापर."

बोलून तर बसलो. पण मी पडलो पंपांच्या मोटारी रिवाइंड करणारा, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळणारा. माझ्या नाकाला दोनच वास ठाऊक, जळलेल्या मोटारीचा आणि अजून न जळलेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं दोनच फवारे मारून मनगट पुढे केलं. मी म्हटलं, "चांगला आहे." ती म्हणाली, "चांगला म्हणजे कसा?" मी पुन्हा हुंगलं. शेवटी सुचलं, की पिकलेली नासपती चिरताना रस कोपरापर्यंत ओघळावा, तसा. ती हसली, ताई! तापानंतर पहिल्यांदाच.

तासाभरानं फळ मागे सरतं आणि पांढरी फुलं पुढे येतात. हारवाल्याच्या टोपलीतली नव्हे, कुणाच्या तरी कुंपणावर जाईचा वेल असावा आणि आपण नुसतं शेजारून जावं, तशी. दुपारी मात्र नाक टेकवलं तरच कळतं, उन्हात वाळलेल्या सुती कापडासारखं. (दुपारचं हे कळायला दुकान बंद करून वाचनालयात जावं लागलं. काउंटरवरून वाकून, डोळे मिटून बायकोच्या मनगटावर नाक ठेवलं, तोच मागे कुणीतरी खोकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, "या वयात!" शेजारीणबाई आता नवऱ्याला विचारतात, तुम्ही कधी आलात का हो माझ्या ऑफिसात? तो बिचारा माझ्याशी बोलत नाही.) पण तुमची बहीण काउंटरला लागून उभी राहते आणि नोकरी सोडण्याचं नाव काढत नाही.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. बाटली पुष्कळ उरली आहे, संपलेत ते माझे शब्द. सुती कापड चार वेळा सांगून झालं. घेताना तुम्ही हुंगलाच असेल, तर काय काय वाटलं ते गुपचूप दुकानाच्या पत्त्यावर कळवा.

आणखी ता. क. ताई, यांनी पाकीट न चिकटवताच पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. शब्द मुळीच पाठवू नकोस. लग्न झाल्यापासून हा माणूस जेवताना "मीठ" एवढंच बोलत आला. आता रोज सकाळी माझा हात हातात घेऊन, डोळे मिटून शब्द शोधत बसतो. परवा मला पुसटसा वास आला, फळाचाच असावा. यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.