गुलाबी पाण्याचा पुरावा

कुरवंडे,
२१ सप्टेंबर २०२५

ती. स्व. सारिका आत्यास,
सृष्टीचा सा. न. वि. वि.

तू म्हणशील, पोरगी फोन सोडून पत्रावर कशी आली. एकतर दहावी म्हणून बाबांनी माझा फोन कपाटात टाकलाय. त्यांच्या फोनवरून बोलावं तर ते स्पीकर लावतात, मग आई भाजी निवडता निवडता मध्ये बोलते, धाकटा पवन ओरडतो आणि मला सांगायचं ते पोटातच राहतं. शिवाय मराठीच्या पेपरला पत्रलेखन असतंच, तेवढाच सराव.

सध्या माझं चित्त कशात म्हणजे कशात नाही. अभ्यास होत नाही असं नाही. होतो, पण सगळे विषय तुटक तुटक वाटतात. घंटा झाली की इतिहास बंद, घंटा झाली की भूमिती चालू. भूगोलाच्या सरांनी क्षेत्रभेटीला तुंगार्लीच्या तलावावर नेलं. तिथं मी विचारलं, की पाणी जमिनीत मुरतं ते पुढं जातं कुठं? सर म्हणाले, ते अनघा मॅडमना विचार, विज्ञानात येतं. अनघा मॅडम म्हणाल्या, ते भूगोलात येतं. आता पाणी नक्की कुणाचं ते तूच सांग. वर येता-जाता प्रत्येक जण विचारतो, अकरावीला सायन्स की कॉमर्स. मला सगळंच आवडतं म्हटलं, की लोकांना वाटतं हिला काहीच येत नाही.

एक विषय मात्र जवळचा वाटतो, जलसुरक्षा. त्याला नुसती श्रेणी असते, म्हणून कुणी त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. त्याच्या प्रकल्पाला मी आपला उंबराचा झरा घेतला. तुला ठाऊकच आहे, उन्हाळ्यात नळ आटले की खालच्या वस्तीचे हंडे तिथंच लागतात. आणि बाबांच्या मनात झऱ्याच्या वरची आपली भातखाचरं मुरमानं भरायची आहेत. नागफणीचा सुळका बघायला येणाऱ्यांच्या गाड्या तिथं लावायच्या, कडेनं तंबू टाकायचे. खालच्या वस्तीतल्या नंदाबाई काकी भांडायला आल्या, की खाचरातलंच पाणी झऱ्याला येतं, ते बुजवलं तर आमी काय प्यायचं. बाबा म्हणाले, कशावरून? दोघंही हट्टाला पेटले. मग मीच म्हटलं, मी तपासते.

लोणावळ्यातल्या मेडिकलमधून पोटॅशियम परमँगनेट आणलं, विहिरीत टाकतात ते लाल औषध. भरल्या खाचरात टाकलं, पाणी गुलाबी झालं. मग काकी आणि मी रोज झऱ्यावर जाऊन बघायचो. झऱ्याचं पाणी स्वच्छच. काकींचं तोंड उतरलं, आणि बाबांनी मला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. देवळापाशी भेटेल त्याला सांगतात, माज्या पोरीनं सायन्स लावून दाखवलंय. मला आनंद व्हायला हवा ना? होतो, पण टिकत नाही.

पवनला तुझ्या हातचा शर्ट हवाय. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड आणि माया आहे तशी असू दे.

तुझी,
सृष्टी


जुन्नर,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सृष्टीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजला हुक लावत होते. पोस्टमन म्हणाला, मावशी, पत्र! दुकानातल्या बायका अशा बघायला लागल्या, की जणू मला कोर्टाची नोटीस आली. अक्षर मात्र अगदी बापावर गेलंय, मुंग्यांची रांग. बोर्डाच्या परीक्षकाची दया येते.

विषय तुटक तुटक वाटतात म्हणतेस. अगं, मी कापड बेतते तेव्हा गळा, बाही, पाठ सगळं वेगवेगळंच पडतं. नुसता तुकड्यांचा ढीग घालून ब्लाउज होत नाही, आणि न कापता शिवताही येत नाही. शाळा कापून देते. शिवायचं तुझं तुलाच आहे, आणि त्याला वेळ लागतो. उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

उंबराच्या पाण्यावर मीही हंडे भरलेत. वैशाखात रांगेत भांडणं व्हायची, आणि नंदावहिनी तेव्हाही पुढं घुसायच्या! पण ते पाणी येतं कुठून, हे आम्ही कुणी विचारलं नाही. हंडा भरला की बास. तू विचारलंस याचं फार कौतुक वाटलं. आनंद टिकत नाही म्हणतेस, तर का टिकत नाही ते शोध.

दिवाळीत यायला जमणार नाही, शिलाईचा हंगाम आहे. पवनचं माप धाड. सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग, आणि आठवण ठेवून लिहीत जा.

तुझी,
सारिका आत्या


कुरवंडे,
३ डिसेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, घोळ झालाय. मोठा.

आज अनघा मॅडमनी कार्बनी संयुगांचा धडा शिकवताना परीक्षानळीत इथेनॉल घेतलं आणि त्यात थेंब थेंब पोटॅशियम परमँगनेट सोडलं. थेंब पडला की गुलाबी, आणि जरा गरम केलं की रंग गायब. म्हणाल्या, रंग गेला म्हणजे ते अभिक्रियेत वापरलं गेलं. सगळी मुलं वहीत लिहीत होती आणि मी लिहायची थांबले. तासानंतर मी विचारलं, की शेण आणि कुजलेला पाला असलेल्या चिखलात हे टाकलं तर? त्या म्हणाल्या, तिथंही रंग जाणारच, मातीतून खाली काय उतरणार?

म्हणजे झऱ्यावर गुलाबी पाणी आलं नाही, याचा अर्थ खाचरातलं पाणी तिथं जात नाही असा नव्हताच. पाणी गेलंही असेल, रंग वाटेतच मेला. मी ज्याला पुरावा म्हटलं तो पुरावाच नव्हता. पुन्हा तपासावं म्हटलं तर भात कापून झालाय, खाचर कोरडं ठाक आहे. आता पाणी उभं राहील ते पुढच्या आषाढातच.

आणि चौदा तारखेला, रविवारी, बाबा भरावाचा नारळ फोडणार. डंपर सांगून ठेवलेत. सगळ्या गावाला बोलावलंय, काकींनासुद्धा. काकी आता भांडत नाहीत. परवा वाटेत भेटल्या तर म्हणाल्या, तू शिकलेली हाइस, तू म्हणतीस तर तसंच आसंल. आत्या, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुस्तक उघडते, मिटते, पुन्हा उघडते. बोलले तर बाबांची गावात शोभा होणार. नाही बोलले तर काकींचं पाणी जाणार. तू फोन करून बाबांना सांगशील का? तुझा शब्द ते मोडत नाहीत. मला फार भीती वाटते.

मला पदरात घे, एवढंच मागते.

तुझी,
सृष्टी


जुन्नर,
८ डिसेंबर २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि फोन हातात घेतला. कैलासचं, तुझ्या बापाचं, नाव काढलं आणि ठेवून दिला. दोन मिनिटांचं काम होतं, पण मी करणार नाही. रागव हवं तर.

असं बघ, गावात जे फिरतंय ते तुझ्या नावानं फिरतंय. ते माझ्या तोंडून मागं कसं येईल? आणि मी बोलले तर कैलास म्हणेल, ताईला लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी माहेरच्या जमिनीत नाक खुपसायचंच आहे. मग झरा राहील बाजूला आणि आम्हा बहीणभावांचंच वाजेल.

रविवारची वाट बघू नकोस. चार माणसांत बोललीस तर तो अडून बसेल. घरात सांग. तो ओरडेल, ओरडू दे. तुझा प्रयोग चुकला ते सांग, आणि झरा नक्की आटेल हेही तुला ठाऊक नाही, तेही सांग. खात्री नसताना खात्री दाखवली, त्यातूनच हे सगळं झालंय. पोरी, मला तुझी काळजी वाटते, पण लाज एवढीशीही वाटत नाही.

तुझ्या पाठीशी आहेच. जेवत जा.

तुझी,
आत्या


कुरवंडे,
२१ डिसेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
धाकट्या कैलासचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राची सवय सुटली, चुकलंमाकलं सांभाळून घे. तू पोरीला घरात सांग म्हणून लिहिलं होतंस, ते तिनं मला आता दाखवलं. तुझं पत्र आल्यापासून ती माझ्यामागं घुटमळत होती. मला वाटलं फोन पाहिजे असेल, म्हणून मी पिटाळून लावलं. मग बोलली ती रविवारीच. डंपर सुरू, माझ्या हातात नारळ, सगळा गाव उभा, आणि ही पुढं येऊन म्हणाली, माझा प्रयोग चुकला होता.

मी लय बोललो तिला. तेव्हा एक सांगतेस, आता एक सांगतेस. झरा आटणार याची खात्री आहे का, विचारलं. नाही म्हणाली. मग थांबू कशाला, विचारलं. तर म्हणाली, भरायचं ते पुढच्या वर्षीही भरता येईल, पण भरल्यावर तपासता येणार नाही. माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी रागानं नारळ आपटला आणि पहिला डंपर ओतायला लावला. खालचा एक कोपरा बुजला. पोरगी जागची हलली नाही. नंदावहिनींनी तिला हाताला धरून घरी नेलं. दुसरा डंपर मागं यायला लागला, तो मी हात करून थांबवला. गाड्या परत धाडल्या.

नंतर मी चिडून फिरत होतो, पण चीड कशाची ते समजेना. झऱ्यावर जाऊन बसलो, तेव्हा ध्यानात आलं. नंदावहिनी म्हणाल्या पाणी खाचरातलं आहे, तर मी म्हटलं कशावरून. पोरगी म्हणाली नाही, तर मी काहीच विचारलं नाही. ना कसं तपासलंस, ना कशावरून. तिचं उत्तर मला पाहिजे होतं तेच होतं ना!

काल देवळापाशी सगळ्यांसमोर सांगितलं. पोरगी चुकली ती शिकताना चुकली, मी चुकलो ते मला सोयीचं होतं म्हणून. नंदावहिनींना शब्द दिलाय, की आषाढात खाचर भरेल तेव्हा पुन्हा तपासू, आणि पाणी झऱ्याला जात असेल तर खाचर खाचरच राहील. ते कसं तपासायचं यावर अनघा मॅडम आणि भूगोलाचे सर शाळेत एकत्र बसले म्हणे. सृष्टीला त्याचंच हसू येतंय.

कोपऱ्यातला मुरूम मी काढतोय, ती घमेली उचलते. अभ्यास कर म्हटलं तरी ऐकत नाही. अकरावीला काय घेणार ते तिचं अजून ठरत नाही. मी विचारायचं सोडून दिलंय.

आषाढात चार दिवस काढून ये. थोरलेपणानं कान धरतेस तशी धरत राहा.

तुझा,
कैलास