धडधाकट

प्रिय धाकट्या,

सकाळपासून चारदा टेबलाशी बसले आणि चारदा उठले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी डोकं जरा ठिकाणावर असतं, म्हणून शब्दकोशाचं काम मी त्या दिवसासाठी राखून ठेवते. आज तेही हाताला लागेना. या आठवड्यात माझ्या वाट्याला काय यावं, तर बरं असण्याचे इंग्रजी जोडशब्द! दैव चेष्टा करतंय, पण निदान पगार देऊन करतंय.

'वेल-केप्ट'ला 'निगुतीनं राखलेलं' लिहिलं, 'शिपशेप'ला 'टापटीप'. 'सीवर्दी'ला एक शब्द मिळेना, तेव्हा सरळ 'समुद्रात नेण्याजोगं' लिहून मोकळी झाले. 'वेल-बीइंग'वर मात्र अडले. 'क्षेम' लिहिलं, खोडलं. 'स्वास्थ्य' लिहिलं, तेही खोडलं. मग उगाच कपाट आवरलं.

आमच्या संपादकबाईंचा नियम तुला पाठ आहे: उदाहरणातलं माणूस खरं हवं, वाक्यही खरं हवं. म्हणून तर तू कोशात तीन ठिकाणी आहेस, आणि 'झोपाळू'पाशी तुझा फोटो तेवढा लावायचा राहिलाय. दुपारी 'एबल-बॉडीड' आला. अर्थ सोपा, धडधाकट. हातानं आपसूक लिहिलं, 'माझा धाकटा भाऊ धडधाकट आहे.' आणि मी चौथ्यांदा उठले. वाक्य खरंच आहे. ते मला कशावरून ठाऊक, एवढंच तुला ठाऊक नाही.

उन्हाळ्यात तू मूत्रपिंड द्यायला म्हणून सगळ्या तपासण्या करून गेलास. अहवाल मी आणला आणि तुला फोनवर सांगितलं की जुळत नाही. तू रडलास. दवाखान्यात मी सांगितलं, भाऊ तयार नाही. धाकट्या, सगळं जुळत होतं. तुझी लेक तेव्हा दीड महिन्याची होती. मला वाटलं, मी थोरली, काढीन दिवस. नाही निघत रे. मला जगायचंय. हे लिहायची लाज वाटते, तरी लिहितेय. अहवाल सोबत जोडलाय. बायकोला दाखव, दोघं बसून ठरवा. तू नाही म्हणालास, तरी ते वाक्य मी खोडणार नाही.

तुझीच,
खोटं बोललेली ताई