आइलर्टची स्क्रिप्ट

३ मार्च
आले एकदाची बेटावर! फियॉर्डवर, डोंगरांमध्ये घुसलेल्या खाडीवर, लख्ख ऊन. या साल्मनपालन केंद्राचे सगळे संगणक आता माझ्या ताब्यात. मॅनेजर अस्लाकने तपकिरी चीज घातलेली वॅफल पुढे केली आणि म्हणाला, “सुन्निवा, इथले मासे बोलत नाहीत, माणसं त्याहून नाहीत. मजेत राहशील, पोरी!” माझ्या आधीचा आइलर्ट नोकरी सोडून बर्गनला गेला म्हणे.

५ मार्च
मेलेले मासे रोज दळून आम्लाच्या टाकीत सोडतात. गुलाबी, बुडबुडणारा लगदा. वास घशात बसतो. ग्राइंडर चालवते आइलर्टची स्क्रिप्ट, म्हणजे त्याने संगणकासाठी लिहिलेली आज्ञांची यादी, तीही रूटच्या अधिकाराने, म्हणजे यंत्रातलं कुठलंच कुलूप तिला अडवत नाही. अस्लाक म्हणाला, वाचत बसू नकोस, नुसती चालव. मी वाचली. पहिलीच ओळ ग्राइंडरच्या झाकणाचं सुरक्षा-कुलूप निकामी करते. झाकण उघडं असलं तरी पाती फिरणार! ती ओळ खोडली. काम रखडतं म्हणून अस्लाक कुरकुरला.

९ मार्च
ओळ परत आली. संगणकातली नोंद सांगते: दुपारी १२.१०, रूटचे अधिकार घेतले, नाव आइलर्ट. ग्राइंडरजवळचा कीबोर्ड बुळबुळीत, बटणांच्या फटींत खवले. तीनदा साबण लावला, बोटांचा वास जात नाही. जेवले नाही.

१० मार्च
आइलर्टचं खातंच पुसून टाकलं. तरी १२.१० ला तेच नाव. अस्लाकला दाखवलं. तो उपड्या बादलीवर बसला आणि खरं सांगू लागला. आइलर्ट बर्गनला गेलाच नव्हता. दुपारी १२.१० ला उघड्या झाकणातून ग्राइंडरमध्ये ओढला गेला. “ती ओळ मीच घालायला लावली होती गं. काम तुंबलं होतं.” मग? मग टाकी भरली, टँकर आला, घेऊन गेला. जनावरांच्या खाद्यासाठी.
ओकले. अजून ओकतेय.

११ मार्च
पोलिसांना कळवलं. वारा आहे, त्यांची बोट यायला तीन वाजतील. स्क्रिप्ट पुसली. अस्लाक झाकणाला हाताने टाळं ठोकायला खाली गेलाय. मी वर संगणकाच्या खोलीत, काचेमागे.

१२.०८. स्क्रिप्ट जागेवर आहे. पुसली होती मी —

खालच्या कीबोर्डवर बटणं दबतायत. कुणी नाही तिथे. प्रत्येक बटणावर गुलाबी थेंब —

अस्लाक झाकणावर वाकलाय. काच बडवली. बघत नाही —

१२.१०. रूट. नाव आइलर्टचं नाही. सुन्निवा. माझं — मी हात लावलेला नाही, पेन आहे हातात, फक्त पेन — पाती फिरायला लागली, अस्लाक —